त्रेसष्ट विरुद्ध एक

मारीनफेल्ड, कॅन्सस
४ ऑगस्ट २०२२

ओटिलियाताई,

हरलो. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला बळ येईल. तुम्ही तिकडे टाकोमात बातम्यांत ऐकलंच असेल. शंभरातले एकोणसाठ आमच्या विरोधात गेले. दुसऱ्या कुठल्या राज्यात असं झालं असतं तर मी उसासा टाकला असता आणि पुन्हा कणीक मळायला लागले असते. पण हे आपलं कॅन्सस, ताई! मला अजून खरं वाटत नाही.

सहा महिने मी दारोदार फिरले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, या उन्हात. लोकांना एकच समजावायचं होतं. मतपत्रिकेवर ‘हो’ म्हणजे पोटातल्या बाळाच्या बाजूने कायदा करायची वाट मोकळी. ‘नाही’ म्हणजे आहे तसंच चालू द्या. कुत्री अंगावर आली, एकाने तोंडावर दार आपटलं, एका बाईने लिंबूपाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की मी ‘नाही’वरच खूण करणार. तिच्यासाठी मी महिनाभर रोझरीची माळ जपली.

मतमोजणीला मी नेहमीसारखी होतेच. आपल्याकडे अजून हातानेच मोजतात, चर्चच्या हॉलमध्ये, दरवेळच्या आम्ही तिघी: मी, बर्निस आणि पोस्टातली लिओना. चौसष्ट मतं पडली. त्रेसष्ट ‘हो’, एक ‘नाही’. आकडा कागदावर लिहून दाराला चिकटवला. आपलं गाव ठाम उभं आहे म्हणून बर्निस टाळ्या वाजवायला लागली. सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर जिंकल्याचा नाश्ता म्हणून आम्ही पीच घातलेले चार केक भाजून ठेवले होते. सकाळी तेच केक खाल्ले, रडत रडत.

लोक याला राजकारण म्हणतात. म्हणोत. माझ्यासाठी ते म्हणजे माझी लेक जगली ते चार तास. तुम्ही तिथे होतात, तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीच औषधाच्या पेल्यातलं पाणी मारिआनाच्या कपाळावर ओतून तिचा बाप्तिस्मा केलात. सहाव्या महिन्यात पाणी गेलेलं ते मूल, सगळे म्हणत होते काही उपयोग नाही, आणि तिने माझं बोट मुठीत धरलं. मला तापातलं बाकी काही आठवत नाही, पण ती मूठ आठवते. जिने माझं बोट धरलं ती कोणीच नव्हती, असं मला कोणी सांगू नये. एवढंच माझं राजकारण.

आता सगळ्या गावाला एकच प्रश्न पडलाय: तो एक कोण? बर्निसचा संशय शेल्बीवर आहे. शेल्बी म्हणजे शाळेत शेती शिकवणाऱ्या ग्रँटची बायको. दोन वर्षांपूर्वी डेन्व्हरकडून आले. ईस्टरला तिने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मीच तिची धर्ममाता झाले होते. तिसरं मूल आहे पोटात. तिच्या अंगणात आमची पाटी होती, हसऱ्या बाळाची. जुलैत ती काढून टाकली. कोणाला काही बोलली नाही.

आलोइस बरा आहे. ‘हरलो तर हरलो,’ म्हणाला आणि दफनभूमीतलं गवत कापायला गेला.

तुमची,
आल्विना

*

टाकोमा
१३ ऑगस्ट

आल्विना,

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग चिडले. रडले ते मारिआनासाठी. चिडले ते तुझ्या गुडघ्यासाठी. तुझ्या या थोरल्या नणंदेने चाळीस वर्षं नर्स म्हणून लोकांचे गुडघे पाहिलेत. पट्टा बांधला की गुडघा बरा होतो असं तुला कोणी सांगितलं?

हरल्याचं मलाही लागलं. इथे माझ्या आसपास सगळे आनंदात होते. खालच्या मजल्यावरच्या बाईने तर जिन्यात मला मिठी मारली. तिला वाटलं, नर्स होते म्हणजे मी तिच्याच बाजूची असणार. मी काही बोलले नाही. म्हातारपणी भांडायला दम लागतो, आणि तो दम मी जिन्यासाठी राखून ठेवते.

पण एक ऐक. त्या एकाचा शोध घेत बसू नका. पेटी बंद असते ती उगाच नाही. माणूस आत जाऊन खूण करतो तेव्हा त्याच्यासोबत काय काय आत जातं ते तुला नि मला कसं कळणार? बर्निस लहान होती तेव्हाही असंच करायची. शाळेत खडू हरवला की सगळ्यांची दप्तरं उपसायची, आणि खडू तिच्याच खिशात.

शेल्बीचे दिवस सप्टेंबरातच भरतायत ना? सूपची यादी तूच करतेस अजून? आमच्या आईच्या वेळेपासून मारीनफेल्डमध्ये बाळंतीण चौदा दिवस चूल पेटवत नाही, ही एकच गोष्ट मी इथे सगळ्यांना अभिमानाने सांगते. त्या पोरीला तिथे माहेर नाही. तुझं लोण्याच्या गोळ्यांचं सूप पहिल्या दिवशी जाऊ दे.

आणि आलोइसचं नीट लिही. हाताची थरथर वाढली का? गोळ्या वेळेवर घेतो का? चार पानी पत्रात नवऱ्याबद्दल दोन ओळी, हे तुझ्यासारखीला शोभत नाही.

ओटिलिया

*

मारीनफेल्ड
३० ऑगस्ट

ओटिलियाताई,

ज्वारीला कणसं आली आहेत, पण दाणा भरत नाही. पाऊस नाही. चाळीस अंशांच्या खाली पारा उतरत नाही. सगळ्यांची डोकी तापलेली आहेत, त्यातलाच हा एक प्रकार समजा.

काल चर्चच्या आमच्या बायकांच्या मंडळाची बैठक झाली. सूपची वही मी काढली. चौदा ओळी, चौदा नावं, दरवेळी पाच मिनिटांत भरतात. काल कोणी पेन हातात घेईना.

बर्निस म्हणाली, “तिच्या अंगणातली पाटी काय वाऱ्याने उडाली? वारा काय तिच्याच अंगणात येतो?”

लिओना म्हणाली, “अगं, डेन्व्हरकडची ती. डोक्यावर पाणी ओतलं म्हणून डोक्यातलं बदलतं होय?”

“मत द्यायचं बाळांच्या विरोधात आणि स्वतःच्या बाळंतपणाला सूप मात्र आमचं!”

“तिने कुठे मागितलंय?” असं कोणीतरी म्हणालं.

“नाही ना मागितलं? मग झालं तर.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिची धर्ममाता. मी एक शब्द बोलले असते तर चौदा ओळी भरल्या असत्या, हे मला कळत होतं. मी वही मिटली. म्हटलं, “बघू पुढे.” मग आम्ही शरद मेळाव्यासाठी कोबी भरलेले पाव किती करायचे ते ठरवलं. चारशे.

मला बोलणी घालू नका. तुम्ही तिथे लांब आहात. सहा महिने मी रक्त आटवलं आणि माझ्याच गावात, माझ्याच हॉलमध्ये कोणीतरी आत जाऊन त्या बाळांच्या विरोधात खूण करून आलं. त्या माणसाने मिस्सामध्ये माझा हात हातात घेऊन ‘प्रभूची शांती’ म्हटलं असेल. असं कुणी करूच कसं शकतं? राज्य हरलं त्याचं दुःख मला सोसेल. हे एक मत मला सोसत नाही, ताई.

गुडघा बरा आहे.

आल्विना

*

टाकोमा
९ सप्टेंबर

आल्विना,

मी बोलणी घालणारच. तू घालू नकोस म्हटलंस म्हणून जास्तच घालणार.

त्या मुलीला तू विचारलंस का, की पाटी का काढलीस? एवढं एक वाक्य. सहा महिने अनोळखी लोकांची दारं ठोठावलीस, आणि स्वतःच्या धर्मकन्येचं दार दोन गल्ल्यांवर असून गेली नाहीस! ‘आई आणि बाळ दोघंही आपली’ असं म्हणत फिरत होतात ना तुम्ही? मग ही आई कोणाची?

समज, तिनेच दिलं ते मत. तरी काय? ख्रिस्ताने कोणाला जेवू घालण्याआधी मत विचारलं होतं का?

आणि दुसरी गोष्ट. मी तुझ्या नवऱ्याबद्दल सरळ विचारलं होतं. तू गुडघ्याबद्दल लिहिलंस. तू माझ्या भावाशी लग्न केलंस त्याला बावन्न वर्षं झाली, तेव्हापासून मी तुझी पत्रं वाचतेय. तू रागावलीस की लिहितेस, रडलीस की लिहितेस. ज्याच्याबद्दल तू लिहीतच नाहीस तिथेच काहीतरी मोडलेलं असतं. आलोइसने काय केलंय?

लगेच लिही. आणि आज संध्याकाळी सूप घेऊन जा. उद्या नको.

ओटिलिया

*

मारीनफेल्ड
२५ सप्टेंबर

ताई,

तुमचं पत्र मला बाराला मिळालं. मी सूप घेऊन गेले नाही. का गेले नाही ते सगळं आज लिहिते. लिहून झाल्यावर तुम्ही मला पुन्हा पत्र लिहिलं नाहीत तरी मला समजेल.

गुरुवारी दुपारी आलोइस घरी आला तेव्हा त्याच्या दोन्ही गुडघ्यांना माती होती. दफनभूमीत छोटं थडगं असलं की तो यंत्र बोलावत नाही, हाताने खोदतो. त्याचा हात आता इतका हलतो की सूपचा चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मा रिकामा होतो. तरी खोदतो.

मी विचारलं, “कोणाचं?”

“शेल्बीच्या बाळाचं.”

मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. शेल्बी बाळंत होऊन परतल्याचं कानावर आलं होतं. विचिटाला गेली होती. दोन आठवडे तिच्या घराचे पडदे ओढलेले होते. आम्हाला वाटलं, आमच्यावर रुसली आहे. बर्निस तर म्हणालीही, “बघा, तोरा किती तो!”

आलोइस पायरीवर बसला, बूटही न काढता. म्हणाला, “जुलैपासून ठाऊक होतं त्यांना. बाळाच्या डोक्याची कवटीच पुरी झाली नव्हती. डॉक्टर म्हणाले, हे जगणार नाही, पुढे नेण्यात अर्थ नाही. ही म्हणाली, मी नेणार. नऊ महिने नेलं. सव्वा दिवस जगलं. तिकडच्या लोकांनी कागदपत्रांसाठी थांबवून ठेवलं, म्हणून आज आणलं. चौघंच होतो. ते दोघं, फादर आणि मी.”

“आणि पाटी?”

“कसली पाटी?”

“अंगणातली. हसऱ्या बाळाची.”

“मला नाही माहीत. पण तू असतीस तर ठेवली असतीस? रोज सकाळी दार उघडलं की ते हसरं तोंड समोर?”

मला बसायला जागा सापडेना.

मग तो म्हणाला, “ग्रँट मला खड्ड्याशी विचारत होता. म्हणे, इथल्या बायका बाळंतिणीकडे चौदा दिवस येतात असं सगळे सांगायचे. ती रोज आवरून बसायची. आमच्याकडे कोणीच कसं आलं नाही? मला काही बोलता आलं नाही. का गं? का नाही गेलात?”

पुरुषांना वहीतलं काय माहीत असणार! मी सांगितलं. ते एक मत तिचंच असं सगळ्या धरून चालल्या होत्या, म्हणून.

तो कितीतरी वेळ बुटाच्या नाडीशी झटत राहिला. सुटेना. शेवटी म्हणाला, “ते मत माझं होतं.”

मी म्हटलं, “ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे? कधीपासून?”

“मोजलं तेव्हापासून.”

ताई, हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. ती मतपत्रिका माझ्याच हातात आली. बर्निसने नव्हे, लिओनाने नव्हे, मी उघडली. गोल भरताना रेघ बाहेर गेली होती, आणि मग तोच गोल दाबून दाबून पुन्हा गिरवलेला, कागद फाटेपर्यंत. भिंतीवरच्या कॅलेंडरात गोळ्या घेतल्याची खूण तो रोज तशीच करतो. दोन वर्षं रोज बघतेय मी. मला नाव वाचायची गरज नव्हती. मी मोठ्याने ‘एक, नाही’ म्हटलं आणि कागद ढिगावर ठेवला.

कोणाचं मत कोणाला सांगणार नाही अशी आम्ही शपथ घेतो. मी स्वतःला सांगितलं की मी शपथ पाळतेय. खोटं आहे ते. ‘शेल्बीला सोडा’ एवढं म्हणायला कुठली शपथ मोडत नव्हती. पण बर्निसने शेल्बीचं नाव घेतलं आणि मला हायसं वाटलं. खरंच सांगते, हायसं वाटलं. आता कोणी माझ्या घराकडे बघणार नव्हतं. सहा महिने दारोदार फिरणाऱ्या आल्विनाच्या घरात ते मत निघालं, असं कोणी म्हणणार नव्हतं. त्यासाठी मी त्या पोरीला पुढे केलं. जिने मी जे जे बोलत होते ते सगळं स्वतःच्या पोटात वाहून दाखवलं, तिला.

आलोइसने माझ्याकडे पाहिलं. बावन्न वर्षांत त्याने तसं पाहिलं नव्हतं. “त्या पोरीला? तू?” एवढंच म्हणाला. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

त्याने ते मत का दिलं हे मी विचारलेलं नाही. त्याने सांगितलेलं नाही. तुम्हाला काही माहीत आहे का? तुमच्या पहिल्या पत्रातही काहीतरी होतं. ‘त्याच्यासोबत काय काय आत जातं’ असं तुम्ही लिहिलं होतंत.

आल्विना

*

टाकोमा
३ ऑक्टोबर

आल्विना,

मी तुला पत्र लिहिणं बंद करणार नाही. माझ्या स्वतःच्या गाठोड्यात काय आहे ते वाच, मग कोणी कोणाला बंद करायचं ते तूच ठरव.

मी आलोइसला शब्द दिला होता. आज मोडतेय. १९७४च्या मार्चमध्ये तुला ताप चढला, तिसरा दिवस. अंगाला हात लावला तर पोळत होतं. विष रक्तात गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत मूल आहे तोवर ताप उतरणार नाही, पण मूल जिवंत आहे, म्हणून थांबू. तू शुद्धीत होतीस तेव्हा तूच थांबा म्हणाली होतीस, हे खरं आहे. नंतर तू शुद्धीत नव्हतीस.

आलोइसने मला इस्पितळाच्या बोळात गाठलं. एकोणतीस वर्षांचा तो, थडग्यांचे दगड घडवून हात राठ झालेले. माझे दोन्ही दंड धरले आणि म्हणाला, “ओटी, ते मूल बाहेर काढा. मला माझी बायको पाहिजे. पाप मला लागू दे.”

मी त्याच्या थोबाडीत मारली. माझ्या सख्ख्या भावाच्या. म्हटलं, असं बोलशील तर तुझं तोंड बघणार नाही. देव बघून घेईल, म्हटलं. किती खात्रीने म्हटलं! जसं काही देवाने मला सकाळीच फोन करून कळवलं होतं. दोन दिवसांनी मारिआना आपणहून आली. तू वाचलीस, पण पुन्हा मूल होणार नव्हतं. नंतर सगळे म्हणाले, बघा, देवाने पाहिलं. मीही म्हणाले. पण आल्विना, त्या दोन दिवसांत तू गेली असतीस. मी नर्स होते, मला आकडे कळत होते. तू गेली असतीस तर मी भावाला काय सांगितलं असतं, याचं उत्तर मला आज ब्याऐंशीव्या वर्षीही सापडलेलं नाही.

आणखी एक. ते चार तास मारिआना त्याच्या मांडीवर होती. तू ग्लानीत होतीस. तिची मूठ उघडून तुझं बोट तिच्यात त्याने ठेवलं. तिला आईचा हात कळू दे, म्हणाला. जिला काढा म्हणून त्याने विनवणी केली होती तिला तो चार तास अंगाशी धरून होता. त्यानंतर त्याने माझ्याकडून शब्द घेतला की तुला हे कधी कळू द्यायचं नाही.

मी त्याच्या मताच्या बाजूची नाही. मी कॅन्ससमध्ये असते तर तुझ्याबरोबरच खूण केली असती. पण तो त्या बोळातून अजून बाहेर आलेला नाही, आणि त्याला तिथे एकट्याला सोडून मी टाकोमाला निघून आले.

त्याच्याशी बोल.

ओटिलिया

*

मारीनफेल्ड
१७ ऑक्टोबर

ओटिलियाताई,

तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात, दुपारी. तो ऐकत होता आणि टेबलावरचे तुकडे गोळा करत होता. शेवटी म्हणाला, “ओटीला शब्द पाळता येत नाही.”

मी विचारलं, “मग ते चार तास? डॉक्टरांनी तुझं ऐकलं असतं तर ते चार तास मिळाले असते का?”

“नसते मिळाले.”

“त्याचं काहीच नाही तुला?”

तो म्हणाला, “त्या चार तासांबद्दल मी रोज देवाचे आभार मानतो. आणि रोज त्याला सांगतो, पुन्हा त्या बोळात उभं केलंस तर मी पुन्हा तेच मागेन. तू काय समजतेस, मी ती खूण मजेत केली? मत देताना त्या आडोशात मला दुसऱ्या कोणाची बायको दिसत होती, तापाने फणफणलेली. बाहेर तिचा नवरा. मला त्याला नकार देता येईना.”

मी म्हटलं, “मी उद्या पुन्हा ‘हो’वरच खूण करीन.”

“ठाऊक आहे.”

“माझ्या बोटाचं मला का नाही सांगितलंस?”

“तुला वाटत होतं तिने धरलं. तसंच राहू दे म्हटलं.”

मी खूप रडले, ताई. रागाने की कशाने ते मला सांगता येणार नाही. माझं मत बदललेलं नाही. बोट कोणी का ठेवलेलं असेना, तिने मूठ मिटली होती, हे मी शपथेवर सांगीन. पण अठ्ठेचाळीस वर्षं आम्ही एकाच थडग्याशी उभे होतो आणि मला वाटत होतं की आम्ही एकच प्रार्थना म्हणतोय. माझ्या जिवासाठी कोणी अशी भीक मागितली होती हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि ती भीक माझ्या लेकीच्या जिवाची होती. या दोन गोष्टी एकत्र कशा धरायच्या? मी त्याच्यावर रागावले की दुसऱ्या क्षणी त्याच्या गोळ्यांची वेळ होते. मी उठून त्याच्या हातावर गोळी ठेवते.

गेल्या रविवारी मिस्सानंतर कॉफीच्या वेळी तो हॉलमध्ये उठून उभा राहिला. आयुष्यात चारचौघांत कधी बोलला नाही तो. खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, तर खुर्चीच थरथरायला लागली. म्हणाला, “ते एक मत माझं. त्या पोरीचं नव्हे. कारण कोणी विचारू नका.” मग मी उठले. म्हटलं, “मला मोजलं त्या संध्याकाळपासून माहीत होतं. मी तुम्हाला तिच्यावर संशय घेऊ दिला.” आणि तिचं बाळ गेल्याचं सांगितलं. बर्निस टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होती. लिओना म्हणाली, आता लगेच सूप करू या, सगळ्या मिळून जाऊ या. मी म्हटलं, नको. चौदा जणी मिळून गेलो तर त्या पोरीला आपल्या चौदा जणींचं सांत्वन करावं लागेल. मतदान केंद्राचं कामही मी सोडलं, तसं पत्र तालुक्याला पाठवलं.

मंगळवारी मी एकटी गेले. रिकाम्या हाताने. काय नेणार होते?

दार शेल्बीने उघडलं. मागे खोकी दिसत होती, मुलं खोक्यांत बसून खेळत होती. ग्रँटला तिच्या माहेरगावी नोकरी मिळाली आहे. शनिवारी निघणार होते. तिने मला आत या म्हटलं नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. आलोइसचं मत, मी ओळखलेलं, वही मिटलेली. ती दाराला टेकून ऐकत राहिली. केस विंचरलेले नव्हते. तिचा झगा पुढून ओला झालेला होता. दूध येत होतं, ताई, अजून.

मग ती म्हणाली, “आम्ही दोघांनी ‘हो’च दिलं, आल्विनाकाकू. मी विचिटाहून तपासणी करून येताना थेट हॉलवर आले होते. मतपत्रिका तुम्हीच दिलीत मला. तुम्ही म्हणालात, दमलेली दिसतेस.”

मला ते आठवत होतं.

“तेव्हा मी तुम्हाला सांगणार होते. पण मागे रांग होती. म्हटलं, बाळ आलं की तुम्ही येणारच आहात पहिल्या दिवशी. तेव्हा सांगेन. तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही, असं वाटलं. तुमचंही एक बाळ आहे ना तिकडे.”

माफ कर, असं म्हणायलाच गेले होते आणि तेवढंच म्हटलं नाही.

“जुलैतच मी फादरना सांगून ठेवलं होतं, तुमच्या मारिआनाच्या शेजारची जागा द्या म्हणून. तुम्ही रोज तिथे जाता. म्हटलं, जाता जाता त्याच्याकडेही बघतील.” तिने डोळे पुसले नाहीत. “आता आम्ही जातोय. त्याला नेता येत नाही. तुम्ही बघाल ना त्याच्याकडे? मी तुम्हाला माफ केलं म्हणून विचारत नाहीये. दुसरं कोणी नाही इथे, म्हणून विचारतेय.”

मी मान हलवली. मग विचारलं, त्याला हाक काय मारू?

“टोबायस,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तुमची,
आल्विना